मधला डबा आपला: घर, टॉवेलचा कारखाना आणि एक जुना थिन क्लायंट (प्रकल्प नोंदी)

२ मार्च २०२५

आधी काय काय आहे ते लिहून ठेवतो, नाहीतर दोन महिन्यांनी कुठली वायर कुठं जाते हे कुणालाच सांगता येणार नाही. जागा सोलापूर, पूर्व भाग. पुढं आमचं घर, मागं काकांचा टॉवेलचा कारखाना, मध्ये एक बोळ. नेट दोन्हीकडं मिळून एकच, गल्लीतल्या केबलवाल्याकडून घेतलेलं फायबर, १०० एमबीपीएसचा प्लॅन. त्यानं भिंतीवर एक पांढरा डबा ठोकून दिलाय, फायबर त्यातच येतं, वायफाय तोच देतो, आयपी (प्रत्येक वस्तूचा नेटवर्कवरचा पत्ता) तोच वाटतो आणि फायरवॉल (नको ते अडवणारा पहारेकरी) पण म्हणे तोच आहे.

त्याच्यावर लटकलेलं सामान: घरातले सगळ्यांचे मोबाईल, टीव्ही, माझा लॅपटॉप, कारखान्याच्या ऑफिसातला टॅलीचा पीसी, प्रिंटर, आणि आठ कॅमेऱ्यांचा डीव्हीआर (रेकॉर्डिंग करणारा डबा). सगळं एकाच नेटवर्कवर. म्हणजे कुणी पाहुणा आला आणि त्याच्या पोरानं वायफायचा पासवर्ड मागितला की त्याचा मोबाईल थेट टॅलीच्या पीसीच्या शेजारी येऊन बसतो.

करायचं काय तर हा डबा फक्त फायबरचं काम करेल, बाकी सगळं मधल्या एका मशीनमधून जाईल जे आपलं असेल. घर वेगळं, ऑफिस वेगळं, कॅमेरे वेगळे. आणि कोण कुणाशी बोलतंय ते मला बघता आलं पाहिजे, खरं तर मला हेच सगळ्यात जास्त पाहिजे. काकांचं म्हणणं, "नेट चालू आहे की रे, मग कशाला उचकायलास?" त्यांना म्हटलं, काका, बिलिंगच्या वेळेला बंद पडू देणार नाही. एवढ्या बोलीवर परवानगी मिळाली.

५ मार्च

डब्याच्या सेटिंगच्या पानात शिरलो. खालच्या स्टिकरवरचा युजर-पासवर्ड चालतो पण त्यात अर्धाच मेनू दिसतो, पूर्ण मेनूचा पासवर्ड केबलवाल्याकडं. तेवढ्यातही दोन कामाच्या गोष्टी सापडल्या.

एक, बाहेरच्या बाजूला मिळालेला आयपी १०० नं सुरू होतो आणि दुसरा आकडा ६४ ते १२७ च्या मधला आहे. म्हणजे सीजीनॅट. नॅट म्हणजे एका पत्त्याच्या मागं अनेक वस्तू बसवायची सोय, सीजीनॅट म्हणजे तेच नेट कंपनीच्या पातळीवर. १००.६४.०.०/१० हा पट्टा २०१२ मध्ये खास ह्याच कामाला बाजूला काढलाय, आयपीव्ही४ चे (जुन्या पद्धतीचे) पत्ते संपत आले म्हणून एका पब्लिक आयपीच्या मागं कंपन्या शेकडो गिऱ्हाईकं बसवतात. आपल्याला स्वतःचा पब्लिक आयपी नाहीच, तेव्हा पोर्ट फॉरवर्डिंग (बाहेरून एखाद्या पोर्टवर, म्हणजे नंबराच्या दारावर आलेलं आतल्या वस्तूकडं वळवणं) कितीही केलं तरी बाहेरून कुणी आत येणार नाही.

दुसरी गोष्ट यूपीएनपीची यादी. डीव्हीआरनं कुणाला न विचारता स्वतःसाठी पोर्ट उघडून घेतलेत, ८०, ५५४ आणि ३४५६७. यूपीएनपीत पासवर्ड वगैरे काही भानगड नसते, आतल्या कुठल्याही वस्तूनं सांगितलं की पोर्ट उघड, की राउटर उघडतो. सीजीनॅट आहे म्हणून आत्तापर्यंत बाहेरच्या जगाला हे दिसलं नाही, त्यात कुणाची हुशारी नाही. २०१६ मध्ये मिराई नावाचा बॉटनेट (ताब्यात घेतलेल्या यंत्रांची फौज) आला होता तो असल्याच डीव्हीआर आणि कॅमेऱ्यांवर वाढला, टेलनेटनं (दुरून लॉगिन करायच्या जुन्या सोयीनं) आत शिरायचा आणि फॅक्टरीतून आलेले साठेक युजर-पासवर्ड एकामागोमाग एक मारून बघायचा, बस. त्याच वर्षी २१ ऑक्टोबरला त्यानं डाईन ह्या डीएनएस (साईटच्या नावावरून तिचा आयपी सांगणाऱ्या सेवेच्या) कंपनीवर हल्ला केला आणि अमेरिकेत ट्विटर, नेटफ्लिक्ससकट ढीगभर साईट बंद पडल्या. आपल्या डीव्हीआरचा पासवर्ड काय आहे ते इथं लिहीत नाही, पण कुणीही पहिल्या दणक्यात ओळखेल. आजच बदलला.

९ मार्च

मशीन कुठलं घ्यायचं ह्यावर बराच विचार केला. ज्याला फार खोलात जायचं नाही त्यानं ओपनडब्ल्यूआरटी (राउटरसाठीचं खुलं लिनक्स) चालणारा एखादा तयार राउटर घ्यावा, हे माझं स्पष्ट मत. लिंक्सिसच्या डब्ल्यूआरटी५४जी चा कोड जीपीएल ह्या खुल्या लायसन्सच्या अटीमुळं कंपनीला खुला करावा लागला, त्यातून २००४ मध्ये तो प्रकल्प सुरू झाला आणि आज शेकडो मॉडेलवर चालतो. पण मला साधं डेबियन लिनक्स पाहिजे होतं, सगळ्या फाईली हातानं लिहिता येतील असं.

नवी पेठेत एका दुकानात रिफर्बिश्ड थिन क्लायंट (ऑफिसात वापरतात तो छोटा, कमी ताकदीचा पीसी) मिळाला. चार कोअर, ४ जीबी रॅम, १६ जीबीची छोटी एसएसडी आणि मुख्य म्हणजे पंखा नाही. पंखा नाही हे का मुख्य ते कारखान्यात काम केलेल्याला सांगावं लागत नाही. टॅलीच्या पीसीचं कव्हर उघडून बघितलं तर पंख्याच्या पात्यांवर कापसाचा बोटभर थर, प्रोसेसरच्या हीटसिंकमधून आरपार दिसतच नाही. टेरी टॉवेलचे माग चालू असले की हवेत बारीक कापूस उडतच असतो, तो दाराबाहेर थांबत नाही.

अडचण एकच, ह्याला लॅन पोर्ट पण एकच आहे. राउटरला दोन पाहिजेत, एक बाहेरचा एक आतला. मित्र म्हणाला यूएसबीचा लॅन डोंगल लाव बे. ते मला नको, ते तापतात आणि चोवीस तास चालवले की कधीतरी मध्येच गायब होतात. त्यापेक्षा आठ पोर्टचा व्हीलॅनवाला स्विच घेतला. व्हीलॅन म्हणजे एकाच वायरीवरून टॅग लावून वेगवेगळी नेटवर्क न्यायची. गिगाबिट पोर्ट दोन्ही दिशांना एकाच वेळी गिगाबिट चालतो, आपला प्लॅन १०० चा, त्यामुळं बाहेरचं आणि आतलं एकाच वायरीतून गेलं तरी काही तुंबत नाही.

१६ मार्च

डेबियन १२ टाकलं, डेस्कटॉप नाही, फक्त एसएसएच (दुसऱ्या मशीनवरून लॉगिन). बायोसमध्ये वीज आल्यावर आपोआप चालू हो हे सेटिंग पहिल्यांदा केलं, कारण लाईट कधी जाईल ह्याचा भरवसा नाही.

व्हीलॅन ठरवले: १० घर, २० ऑफिस, ३० कॅमेरे, ९९ बाहेरचं. स्विचवर पोर्ट १ ला थिन क्लायंट, त्याच्यावर चारही टॅग. २ ला फायबरचा डबा, ३ ला वायफाय, ४ टीव्ही, ५ पीसी, ६ प्रिंटर, ७ डीव्हीआर, ८ रिकामा. एक गोष्ट नंतर कळली की ह्या स्वस्तातल्या स्विचचं सेटिंगचं पान कुठल्याही व्हीलॅनमधून उघडतं, ते एका व्हीलॅनला बांधायची सोयच दिलेली नाही. म्हणजे कॅमेऱ्याच्या पोर्टवरून पण. लांबलचक पासवर्ड टाकला आणि पुढं गेलो, दुसरा इलाज नाही.

आतले पत्ते १९२.१६८.१ चे घेतले नाहीत. जगातला निम्मा राउटर तोच पट्टा वापरतो, उद्या बाहेरून व्हीपीएननं घरी यायचं म्हटलं आणि आपण ज्याच्या वायफायवर बसलोय त्याचाही पट्टा तोच निघाला तर लॅपटॉपला कळणारच नाही की १९२.१६८.१.५ इथला का तिथला. म्हणून १०.४७.१०, १०.४७.२० आणि १०.४७.३०, तिसरा आकडा व्हीलॅनचाच, म्हणजे लॉग वाचताना डोकं खाजवावं लागत नाही.

पत्ते वाटायला डीएनएसमास्क, नावं शोधायला अनबाउंड. प्रिंटर आणि डीव्हीआरला त्यांच्या मॅक ॲड्रेसवरून (कंपनीतूनच मिळालेला यंत्राचा नंबर) कायमचा ठरलेला पत्ता.

केबलचा किस्सा वेगळा लिहायला पाहिजे. बोळातून ऑफिसला गेलेली जुनी वायर जोडली तर लिंक १०० वरच येते, गिगाबिट नाहीच. १०० एमबीपीएसला वायरीतल्या दोन जोड्या पुरतात, गिगाबिटला चारही लागतात, तेव्हा कुठली तरी जोडी मेलेली असणार. कनेक्टर कापून नवीन क्रिंप करायला घेतला तर आतली तार वाकवल्यावर पटकन तुटली. ब्लेडनं खरवडून बघितली. वरून तांब्याचा रंग, आतून पांढरी. ॲल्युमिनियमवर तांब्याचा मुलामा दिलेली, बाजारात सीसीए म्हणून स्वस्तात मिळते ती, आणि वरती छापलंय मात्र कॅट ६. वर तिला लूमच्या थ्री फेज वायरिंगच्या पाईपमधूनच ओढलेलं. नवीन शुद्ध तांब्याची घेतली, वेगळ्या पाईपमधून भिंतीच्या दुसऱ्या बाजूनं नेली, चारही जोड्या लागल्या. केबल घेताना दुकानातच टोक खरवडून बघावं, दुकानदार तोंड वाकडं करेल, करू दे.

२३ मार्च

आज मुख्य काम, रविवार बघून, कारखान्याचं बिलिंग बंद असताना. केबलवाल्याचा पोरगा गाडीवर आला, डबा ब्रिज मोडला (स्वतः राउटर न होता फक्त फायबर पुढं देणं) टाकून दिला आणि पीपीपीओईचा (नेट कंपनीकडं लॉगिन करायची पद्धत) युजर-पासवर्ड एका चिठ्ठीवर लिहून दिला. ब्रिज करणं गरजेचंच होतं, नाहीतर आपलं नॅट, त्याच्यावर डब्याचं नॅट, त्याच्यावर कंपनीचं नॅट, तीन थर.

ते लॉगिन करणारा प्रोग्राम, पीपीपी डीमन, चालू केला. टीसीपीडंपमध्ये (वायरीतून जाणारी पॅकेट दाखवणारा प्रोग्राम) सगळं बघत होतो. आपल्याकडून पीएडीआय जातो, म्हणजे कोणी आहे का तिकडं अशी हाक. तिकडून पीएडीओ येतो, मग पीएडीआर, मग पीएडीएस, सेशन सुरू. आणि लगेच पासवर्ड चूक म्हणून बाहेर. चिठ्ठी परत वाचली, शून्य का ओ, एक का एल, सगळं करून बघितलं. पासवर्ड बरोबर होता. भानगड मॅक बाइंडिंगची होती, आमच्या अकाउंटला जुन्या डब्याचा मॅक ॲड्रेस बांधून ठेवलेला, दुसऱ्या मॅकनं कुणी लॉगिन मारलं की सरळ नकार, आणि कारण मात्र पासवर्ड चूक असंच सांगतात. ऑफिसला फोन करून मॅक बदलून मागता येतो पण रविवारी कोण उचलणार, म्हणून व्हीलॅन ९९ च्या इंटरफेसला डब्याच्या स्टिकरवरचाच मॅक देऊन टाकला. लागलीच जोडलं गेलं.

जुना वायफाय राउटर एक पडून होता तो ॲक्सेस पॉइंट म्हणून लावला. त्यातला डीएचसीपी (आयपी वाटायचं काम) बंद, आणि वायर त्याच्या वॅनच्या, म्हणजे बाहेरच्या बाजूच्या भोकात नाही तर लॅनच्या भोकात. एवढं केलं की तो मुकाट्यानं फक्त वायफाय देतो.

२४ मार्च

सकाळीच तक्रार. व्हॉट्सॲप चालतंय, यूट्यूब चालतंय, पण काकांची बँकेची साईट अर्धी उघडून गोल फिरत बसते. काही साईट उघडतात आणि काही लटकतात असं दिसलं की आधी एमटीयूवर, म्हणजे पॅकेटाच्या कमाल आकारावर संशय घ्यावा.

इथरनेटच्या एका पॅकेटात १५०० बाईट बसतात. पीपीपीओई त्यातले ८ स्वतःसाठी घेतं, राहिले १४९२. आतल्या पीसीला हे माहीत नसतं, तो १५०० च्या हिशोबानं समोरच्याला सांगतो, समोरचा मोठे पॅकेट पाठवतो, ते मध्ये कुठंतरी मावत नाही. अशा वेळी मधल्या राउटरनं छोटं पाठव असा आयसीएमपी निरोप द्यायचा असतो, पण कित्येक ठिकाणी आयसीएमपीच अडवून ठेवलेलं असतं, मग निरोप पोचत नाही आणि दोघंही एकमेकांची वाट बघत बसतात. छोटी पानं नीट येतात, मोठी लटकतात.

तपासायला पिंग, तुकडे करू नको हा फ्लॅग लावून. १४७२ चा गेला नाही, १४६४ चा गेला. १४६४ मध्ये हेडरचे २८ मिळवले की बरोबर १४९२. उपाय एका ओळीचा, एनएफटेबल्समध्ये (लिनक्समधली फायरवॉल) बाहेर जाणाऱ्या टीसीपीच्या (साईटशी जोडणी करून बोलायची पद्धत) पहिल्या पॅकेटात सेगमेंटचा आकडा वाटेच्या एमटीयूप्रमाणं कमी करायचा, आयपीव्ही४ ला तो १४५२ होतो. टाकला, बँक उघडली. काकांनी चहा सांगितला.

३० मार्च

गुढीपाडवा. पूजा आणि जेवण झाल्यावर दुपारी फायरवॉल नीट लिहून काढली, तोपर्यंत नुसतं कामचलाऊ नॅट होतं. एनएफटेबल्स लिनक्समध्ये ३.१३ कर्नलपासून (कर्नल म्हणजे लिनक्सचा गाभा) म्हणजे २०१४ पासून आहे, तरी अजून शिकवताना लोक जुनं आयपीटेबल्सच शिकवतात. नवीन लिहिणार असाल तर सरळ हेच शिका, आयपीव्ही४ आणि आयपीव्ही६ (पत्त्यांची नवी पद्धत) चे नियम एकाच फाईलीत बसतात.

मूळ धोरण असं की राउटरवर येणारं आणि राउटरमधून पलीकडं जाणारं, दोन्ही डीफॉल्टनं ड्रॉप, म्हणजे टाकून द्यायचं. मग एकेक परवानगी. आधीच सुरू असलेल्या संवादाचं उत्तर असेल तर आत घे. घरातून बाहेर जाऊ दे. ऑफिसातून बाहेर जाऊ दे. घरातून ऑफिसात फक्त प्रिंटरकडं, कारण काकूंना मोबाईलवरून प्रिंट काढायची सवय आहे, आणि मोबाईलला प्रिंटर सापडावा म्हणून अवाही नावाचा प्रोग्राम दोन्ही व्हीलॅनमध्ये निरोप पोचवतो. ऑफिसातून घरात काही नाही. कॅमेऱ्यांचं पुढच्या आठवड्यात.

काका बाजूला बसून बघत होते, म्हणाले, म्हणजे हे बाहेरचं सगळं अडवतं तर मग साईट उघडते कशी? त्यांना चलन बुकाचं सांगितलं. आपल्या दारातून माल बाहेर गेला की चलन फाडतो, परत आलेला माल चलन नंबर जुळला तरच आत घेतो, नुसता टेम्पो येऊन उभा राहिला म्हणून कुणी उतरवून घेत नाही. राउटरकडं पण असंच बुक असतं, आतून कोण कुणाशी बोलायला गेलंय त्याची नोंद. त्यावर काकांचा प्रश्न, "चलन किती दिवस चालतं?" हा प्रश्न मला आवडला, कारण तोच खरा मुद्दा आहे. लिनक्स टीसीपीची नोंद काही हालचाल नसली तरी मूळ सेटिंगनं पाच दिवस ठेवतं, यूडीपीची (जोडणी न करता नुसती पॅकेट पाठवायची पद्धत) मात्र अर्ध्या ते दोन मिनिटांत फाडून टाकतं.

६ एप्रिल

डीव्हीआर. ह्याच्यासाठीच सगळा खटाटोप.

तोडायच्या आधी तो काय करतो ते बघायचं होतं, म्हणून व्हीलॅन ३० ला एका दुपारी नुसतं बाहेर सोडलं आणि टीसीपीडंप लावून बसलो. कुणी ॲप उघडलेलं नाही, कॅमेरे नुसते रेकॉर्ड करतायत. तरी डीव्हीआर गप्प नाही. काही सेकंदांनी एका परदेशी क्लाउड सर्व्हरला यूडीपीचं छोटं पॅकेट, परत तेच, परत तेच. वरच्या हिशोबानं बघितलं तर कारण लगेच कळतं, तो नॅटमधली स्वतःची नोंद जिवंत ठेवतोय म्हणजे बाहेरून ॲप त्याच्यापर्यंत पोचू शकेल. क्यूआर कोड स्कॅन करून कॅमेरे दिसतात ते असे. त्यात चोरी आहे असं मी म्हणत नाही, पण आपल्या कारखान्याचं चित्र दाखवणारा दरवाजा कुणाच्या तरी सर्व्हरच्या भरवशावर उघडा आहे, आणि त्या डीव्हीआरला गेल्या कित्येक वर्षांत एकही अपडेट आलेला नाही. आणखी एक, मी त्याला माझा डीएनएस दिला होता तरी तो ८.८.८.८ ला, म्हणजे गूगलच्या डीएनएसला विचारत होता. पत्ता आतच कोरलेला.

बंद करून टाकलं. व्हीलॅन ३० मधून बाहेर काहीही नाही, घरात नाही, ऑफिसात नाही. फक्त राउटरकडून वेळ मागायची मुभा, कारण डीव्हीआरचं घड्याळ चुकलं तर रेकॉर्डिंगचा पुरावा म्हणून काही उपयोग नाही. क्रोनी हा घड्याळ जुळवणारा प्रोग्राम राउटरवर बसवलाय, तो बाहेरून वेळ घेतो आणि डीव्हीआरला देतो. उलट दिशेनं घरातून डीव्हीआरच्या ८० आणि ५५४ ला जाता येतं. ॲपमध्ये क्यूआरवालं डिव्हाइस काढून आयपी टाकून नवीन जोडलं, घरात बसून आठही कॅमेरे दिसतात.

बाहेरून दिसत नाहीत. काका उद्या पुण्याला चाललेत, हुतात्मा एक्सप्रेसनं, त्यांना सांगितलं की आठवडाभर कॅमेरे दिसणार नाहीत. चेहरा पडला.

१३ एप्रिल

बाहेरून यायचा रस्ता. सीजीनॅटमुळं आयपीव्ही४ नं येता येत नाही. स्टॅटिक (कायमचा स्वतःचा) आयपी मागितला तर महिन्याला वेगळे पैसे. पण केबलवाल्याकडं आयपीव्ही६ चालू आहे हे पीपीपीच्या लॉगमध्ये दिसलं होतं, आणि मोबाईल नेटवर्कवर तर आयपीव्ही६ असतंच. मग तिथूनच या.

डीएचसीपीसीडी हा प्रोग्राम लावून प्रिफिक्स, म्हणजे आयपीव्ही६ पत्त्यांचा गठ्ठा मागितला. आकडा लहान तेवढा गठ्ठा मोठा. /५६ ची आशा होती, मिळाला /६४. म्हणजे एकाच व्हीलॅनला पुरेल एवढाच, /६४ चे आणखी तुकडे केले तर मोबाईल स्वतःचा पत्ता बनवू शकत नाहीत. तो घराला दिला. ऑफिस आणि कॅमेरे आयपीव्ही४ वरच राहिले, त्यांना तसंही काही अडत नाही.

इथं एक गोष्ट लक्षात ठेवायची. आयपीव्ही६ मध्ये नॅट नसतं, घरातल्या प्रत्येक मोबाईलला, टीव्हीला जगात कुठूनही गाठता येईल असा पत्ता मिळतो. लोकांना वाटतं नॅट म्हणजेच सुरक्षा. खरं अडवण्याचं काम फॉरवर्डवरचा ड्रॉप करतो आणि तो दोन्हींना सारखाच लागू पाहिजे. फक्त आयसीएमपीव्ही६ सरसकट अडवू नये, कारण आयपीव्ही६ मध्ये मधले राउटर पॅकेटाचे तुकडे करतच नाहीत, पॅकेट मोठं आहे हा निरोप आला नाही तर परत २४ मार्चचाच खेळ.

वरून वायरगार्ड, म्हणजे बाहेरून घरच्या नेटवर्कात यायचं व्हीपीएन. २०२० पासून, म्हणजे ५.६ कर्नलपासून, लिनक्समध्येच आहे, वेगळं काही टाकावं लागलं नाही. फायरवॉलमध्ये यूडीपी ५१८२० उघडला. बाहेरून कुणी ह्या पोर्टला चाचपून बघितलं तर वायरगार्ड उत्तरच देत नाही, योग्य किल्ली नसेल तर तिथं काही आहे हेही कळत नाही, हे मला फार आवडतं. प्रिफिक्स दर वेळी बदलतो म्हणून एक छोटी स्क्रिप्ट डायनॅमिक डीएनएसला (बदलता पत्ता एका ठरलेल्या नावाला जोडणारी सेवा) नवीन पत्ता कळवते.

काका पुण्याहून परत आले, त्यांच्या मोबाईलवर एक बटण करून दिलं. वायफाय बंद करून, बोळात उभं राहून, मोबाईल डेटावर कॅमेरे बघितले. "लूम नंबर चार बंद का आहे?" हा पहिला प्रश्न. चाचणी पास.

२० एप्रिल

ऊन ४२ च्या वर. थिन क्लायंट माळ्यावर ठेवला होता, वर पत्रा, दुपारी आतलं तापमान ८० च्या घरात जायला लागलं. चालत होता पण मला झोप लागली नसती. खाली जिन्याखाली आणला, भिंतीला उभा टांगला, पंधरा अंशांचा फरक पडला.

पण हलवायला बंद केला आणि परत चालू केला तर नेट नाही. पीपीपी जोडलेलं, आयपीला पिंग जातंय, नावं मात्र एकही सापडत नाही. अनबाउंडच्या लॉगमध्ये सह्या अजून लागू झालेल्या नाहीत असं काहीतरी. घड्याळ बघितलं तर भलतीच जुनी तारीख. मदरबोर्डवरचा सेल मेलेला, रिफर्बिश्ड मालात हे असतंच. आता गंमत बघा, डीएनएससेक (डीएनएसची उत्तरं खरी आहेत का ते सह्यांवरून बघणारी सोय) सह्यांची तारीख तपासतं, तारीख चुकीची म्हणून एकही नाव देत नाही. घड्याळ दुरुस्त करायला क्रोनीला टाईम सर्व्हर पाहिजे, आणि त्याचा पत्ता नावानं दिलेला. म्हणजे वेळ मिळाल्याशिवाय नाव नाही आणि नाव मिळाल्याशिवाय वेळ नाही.

सीआर२०३२ चा नवीन सेल टाकला. शिवाय क्रोनीत एका टाईम सर्व्हरचा सरळ आयपीच लिहून ठेवला, सेल परत मेला तरी गाडी अडायला नको.

२७ एप्रिल

संध्याकाळी ताईचा हैदराबादहून व्हिडिओ कॉल येतो, त्याच वेळी ऑफिसचा पीसी टॅलीचा बॅकअप क्लाउडवर चढवतो, आणि काकूंना ताई तुकड्या तुकड्यात दिसते. स्पीड टेस्ट केली तर स्पीड पूर्ण. पण रिकाम्या लाईनवर पिंग १२ मिलीसेकंद आणि अपलोड चालू झालं की ४०० च्या पुढं. वेग कमी नाही, रांग लांब आहे. ह्याला बफरब्लोट म्हणतात, मधल्या यंत्रांत बफर एवढे मोठे की ते पॅकेट टाकून देण्याऐवजी साठवत बसतात.

रांग आपल्याकडं आणायची, म्हणजे ती कशी चालवायची ते आपण ठरवू. केक (लिनक्समधली रांग सांभाळणारी सोय) लावला, दोन्ही दिशांना लाईनच्या खऱ्या वेगाच्या ९० टक्क्यांवर. दहा टक्के वेग सोडून द्यावा लागतो ह्याचं काही लोकांना दुःख होतं, मला नाही. पिंग २० च्या आत आला. ह्या पूर्ण प्रकल्पात काकूंनी दखल घेतलेली ही एकमेव गोष्ट.

११ मे

काल संध्याकाळी वादळ, आधी धूळ मग पाऊस, लाईट रात्रीपर्यंत नाही. इन्व्हर्टर होता तरी दर वेळी लाईट गेली-आली की थिन क्लायंट रीस्टार्ट. फायबरचा डबा आणि स्विच १२ व्होल्टवर, त्यांना छोटा डीसी यूपीएस आहे, थिन क्लायंट १९ व्होल्टचा, तो त्याच्यावर चालत नाही. इन्व्हर्टरच्या मागं एक खटका असतो, नॉर्मल आणि यूपीएस असा, बहुतेकांच्या घरी तो नॉर्मलवरच असतो. यूपीएसवर टाकला की बॅटरीवर जायला लागणारा वेळ कमी होतो. टाकला, मेन स्विच खालीवर करून बघितलं, रीस्टार्ट झालं नाही.

१८ मे

मी बाहेरगावी असताना हे बंद पडलं तर काय, त्याची सोय. सगळ्या सेटिंगच्या फाईली गिटमध्ये (फाईलींतल्या बदलांची नोंद ठेवणारा प्रोग्राम), एक प्रत पेनड्राइव्हवर. कपाटात आणखी एक जुना राउटर होता, त्यात पीपीपीओईचा युजर-पासवर्ड, तोच मॅक आणि घरातलंच वायफायचं नाव-पासवर्ड भरून ठेवलं. थिन क्लायंट मेला तर स्विचच्या पोर्ट २ मधली वायर काढायची, ह्या राउटरच्या निळ्या भोकात घालायची, आणि भिंतीवरचा वायफाय बंद करायचा. कॅमेरे बाहेरून दिसणार नाहीत, ऑफिसचा पीसी मोबाईलच्या हॉटस्पॉटवर चालवायचा, तेवढं चालेल. हे एका कागदावर लिहून, प्लास्टिकमध्ये घालून जिन्याखाली चिकटवलं आणि काकूंना म्हटलं तुम्ही फक्त कागद वाचून करून बघा, मी काही बोलणार नाही. त्यांनी केलं, मोबाईलवर नेट आलं. कागदात एकच दुरुस्ती सुचवली, निळं भोक लिहिलंय पण तिथं अंधारात निळं-पिवळं कळत नाही, त्यावर पट्टी चिकटव. चिकटवली.

कारखान्यात दुसरा ॲक्सेस पॉइंट लावायचा राहिलाय, पाहुण्यांचं वायफाय पण वेगळं काढायचंय, त्याला व्हीलॅन समजणारा ॲक्सेस पॉइंट लागेल. केबल पत्र्यावरून न्यावी लागणार आणि सध्या पत्र्यावर पाय ठेवायची सोय नाही. जूनमध्ये बघू.